समुद्राकडे उतरणारी वाट आणि कागदावरची हद्द

पत्राचा सारांश

एका वाचक भगिनींच्या पत्राचा हा गोषवारा आहे. ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. वडिलांच्या पश्चात समुद्रालगतची जमीन आणि तिच्यावरचे जुने घर या भगिनींच्या आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर झाले. जमिनीच्या एका कडेने मुख्य रस्त्यापासून थेट पुळणीपर्यंत पायवाट जाते. मच्छीमार कुटुंबे जाळी आणि वल्ही घेऊन पिढ्यानुपिढ्या याच वाटेने समुद्रावर जात आली आहेत आणि घरातल्या कोणीही त्यांना कधी अडवले नाही. अलीकडे मात्र बाहेरून येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. फाटकासमोर गाड्या उभ्या राहतात, रात्री उशिरापर्यंत मोठ्याने गाणी लागतात, कुंपणालगत बाटल्या आणि घाण पडलेली असते. गेल्या वर्षी वाटेवरच्या पायऱ्यांवरून एक अनोळखी गृहस्थ घसरून पडले आणि त्यांनी भरपाई मागितली. त्यानंतर भावाने जमीन मोजून घेतली. आता त्याला समुद्राच्या बाजूने भिंत बांधून वाटेवर कुलूपबंद फाटक बसवायचे आहे. ‘खासगी किनारा’ म्हणून दाखवता आली तर जमिनीला चढा भाव येईल, असे एका मध्यस्थाने त्याला सांगितले आहे. ही बातमी कळल्यावर शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ घरी येऊन म्हणाले, “तुमच्या वडिलांना आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनीही कधी विचारायला लावले नाही.” भगिनी विचारतात: वाट बंद केली तर आम्ही स्वार्थी ठरू का? कर आम्ही भरतो, मग आमच्या किनाऱ्यावर इतरांचा हक्क कसा? आणि वाट अशीच खुली ठेवली, तर एक दिवस जमीनच हातची जाईल का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्वार्थाचा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी विचारला आहे, पण त्याचे उत्तर मी सर्वांत आधी देणार नाही. हक्क कोणाचा आणि किती, हे नीट मांडले की एकमेकांच्या स्वभावाला दोष देण्याची गरज बरीच कमी होते, असा माझा विश्वास आहे. अपरात्री अंगणात शिरणारा गोंगाट आणि दारासमोरची घाण हा खरा त्रास आहे, आणि समुद्राकाठी राहणाऱ्याने तो मुकाट्याने सोसावा, असे मी म्हणणार नाही. ज्यांचे आजोबा आणि वडील त्या वाटेने कामावर गेले, त्यांना एका सकाळी तिथे कुलूप दिसले तर त्यांच्यावर काय ओढवेल, हेही तुम्हाला स्पष्ट दिसते आहे. दिसत नसते तर हे पत्र तुम्ही लिहिलेच नसते.

तुमच्या पत्रात ‘आमचा किनारा’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो आणि सारा विचार त्याच्यावर उभा आहे, म्हणून आधी त्याच्याकडे पाहू. जमीन तुमची आहे, याबद्दल कोणाचा वाद दिसत नाही. परंतु लाटा जिथे येऊन परततात ती वाळू तुमची आहे का? जगातील बहुतेक कायदेपद्धतींमध्ये खासगी मालकी भरतीरेषेपाशी, किंवा तिच्या जवळपास कुठेतरी, संपते. हा विचार आजचा नाही. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये रोमन कायद्याची जी मांडणी झाली, तिच्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणूनच समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतः सर्वांच्या आहेत, असे म्हटले आहे. हिवाळ्यातली सर्वांत मोठी लाट जिथवर पोहोचते तिथवर किनारा, अशी त्याची मर्यादा तिच्यात सांगितली आहे आणि मासेमारांनी तिथे आसऱ्यासाठी खोपट उभारावे, जाळी वाळवावीत, अशी मुभाही दिली आहे. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते त्याला जोडलेले एक उपवाक्य: किनाऱ्यावर जाण्यास कोणालाही मनाई करता येत नाही, मात्र जाणाऱ्याने घरे, स्मारके आणि इमारती यांपासून दूर राहावे. जवळजवळ पंधराशे वर्षांपूर्वी ज्यांनी किनारा सर्वांचा मानला, त्यांनी त्याच दमात घराचा खासगीपणाही राखला होता.

आधुनिक न्यायालयांनी याच विचाराला सार्वजनिक विश्वस्तपणाचे रूप दिले. शिकागो शहरालगतचा सरोवराचा तळ इलिनॉय राज्याने एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता. त्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली असे ठरवले की अशी जलमय भूमी राज्याकडे लोकांची विश्वस्त म्हणून असते आणि राज्य ती सहजासहजी खासगी हाती सोपवू शकत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीच्या प्रकरणात हेच तत्त्व स्वीकारले आणि समुद्रकिनाऱ्याचाही त्यात समावेश केला. याला अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर तुमची दिशाभूल होईल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स आणि मेन या राज्यांत सतराव्या शतकातील एका वसाहतकालीन आदेशामुळे खासगी मालकी थेट ओहोटीरेषेपर्यंत जाते. पण तिथेही मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि जलवाहतूक यांसाठी त्या पट्ट्यात येण्याचा लोकांचा हक्क राखून ठेवलेला आहे. म्हणजे मालकीची रेषा जिथे सर्वांत पुढे सरकलेली आहे, तिथेही जाळे घेऊन उतरणाऱ्या माणसाला मालक अडवू शकत नाही. तुमच्या भागातील भरतीरेषा अधिकृत नकाशावर कुठे दाखवली आहे, हे तुम्ही पाहिले आहे का? भावाने करून घेतलेल्या मोजणीत जमिनीच्या तीन बाजू कदाचित अचूक असतील. चौथी बाजू समुद्राची आहे, आणि ती मोजणीदाराच्या खुंट्यांवर ठरत नाही.

तेव्हा खरा वाद किनाऱ्याचा नसून त्याच्याकडे उतरणाऱ्या वाटेचा आहे. हा फरक मी मुद्दाम ठळक करते आहे, कारण अशा बहुतेक भांडणांत तो नजरेआड होतो. किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर पाण्याच्या कडेने चालत जाणे ही एक गोष्ट आहे. रस्त्यापासून किनाऱ्यापर्यंत येणे ही वेगळी. पहिलीबाबत कायदे बरेच स्पष्ट असतात. फ्रान्समध्ये १९७६च्या कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनींवर ३ मीटर रुंदीची पट्टी पादचाऱ्यांसाठी राखली, आणि त्याच कायद्याने १ जानेवारी १९७६ पूर्वी बांधलेल्या राहत्या घरांपासून १५ मीटरच्या आत ती वाट सहसा नेऊ नये, असाही बंध घातला. स्पेनच्या १९८८च्या किनारा कायद्यात अशीच ६ मीटरची पट्टी आहे. दुसऱ्या गोष्टीबाबत मात्र बराच गोंधळ असतो. किनारा सर्वांचा, पण त्याच्याकडे नेणारी प्रत्येक जमीन खासगी, अशी स्थिती झाली तर तो सार्वजनिक हक्क कागदावरच उरतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली बे हेड येथील प्रकरणात हेच ओळखले: समुद्राचा लाभ घेण्याचा हक्क खरा असेल, तर तिथपर्यंत वाजवी मार्गाने पोहोचण्याचा आणि कोरड्या वाळूचा वाजवी वापर करण्याचा हक्क त्याच्यासोबत आलाच. भारताच्या १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेत समुद्रकाठच्या हॉटेलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे होती, त्यांत दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटरची मोकळी जागा सोडण्याची अट होती. खासगी मालमत्तेभोवती जिवंत कुंपण किंवा झाडोऱ्यासह काटेरी तारेचे कुंपण चालेल, मात्र त्यामुळे लोकांच्या किनाऱ्यावर जाण्यात कोणताही अडथळा येता कामा नये, असेही तिथे म्हटले होते. तुमची जमीन कोणत्या कायद्याखाली येते, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि पत्र निनावी असल्यामुळे ते योग्यच आहे. पण भावाने भिंतीसाठी गवंडी ठरवण्याआधी समुद्राच्या बाजूला बांधकाम चालते का आणि त्यासाठी परवानगी लागते का, हे लेखी विचारून घेतलेच पाहिजे.

आता तुमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या वाक्याकडे वळू. तुम्ही ते हळव्या मनाने उतरवले आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तुमच्या पत्रातले ते सर्वांत वजनदार वाक्य आहे. ‘वडिलांनी कधी अडवले नाही’ याचा अर्थ तुम्ही वडिलांचा मोठेपणा असा लावता, आणि मोठेपणाने दिलेली सवलत परत घेता येते, असे भाऊ म्हणतो. परंतु वाटेवरून चालणारे लोक सवलत म्हणून चालत होते की आपला हक्क म्हणून? अनेक देशांतील कायदे हाच प्रश्न विचारतात. भारतात १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीवरून शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वहिवाट झाली, तर तो हक्क पक्का होतो. स्थानिक रूढीतून निर्माण होणारे हक्कही त्या कायद्याने मानले आहेत. इंग्लंडमध्ये १९८०च्या महामार्ग कायद्यानुसार लोकांनी एखादी वाट २० वर्षे अशीच वापरली, तर मालकाने ती लोकांसाठी खुली केली आहे, असे गृहीत धरले जाते. या सगळ्यांत मालकाची परवानगी घेऊन झालेला वापर धरत नाहीत. ‘आम्ही कधी विचारले नाही’ हे शब्द म्हणूनच महत्त्वाचे आहेत. ते गृहस्थ तुम्हाला कायदा शिकवायला आले नव्हते हे मला कळते, पण उद्या न्यायालयात त्यांनी हेच वाक्य उच्चारले तर ती साक्ष ठरेल.

इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे भीतीचे, उत्तर दडलेले आहे. वाट खुली राहिली म्हणून जमिनीची मालकी जात नाही. फार तर त्या चिंचोळ्या पट्टीवरून जाण्याचा हक्क इतरांना मिळतो; ती पट्टी कागदावर तुमचीच राहते, आणि त्या हक्काच्या आड न येणारा कोणताही उपयोग तुम्ही तिचा करू शकता. मालकी ही एकसंध वस्तू आहे, तिच्यात इतर कोणाचा अंशही शिरला की ती संपली, ही समजूत फार खोल रुजलेली असते. प्रत्यक्षात एकाच जमिनीवर एकाची मालकी, दुसऱ्याची वाट, तिसऱ्याची पाण्याची नळी आणि चौथ्याचे गहाण हे सारे वर्षानुवर्षे सुखाने नांदत असतात. शिवाय ज्या लोकांना आजवर असा हक्क मिळालेला नाही, म्हणजे मुख्यतः बाहेरून नव्याने येणारे पाहुणे, त्यांच्या बाबतीत कुलूप हा एकच उपाय नाही. स्पष्ट, लेखी परवानगी हा त्याहून साधा उपाय आहे. कॅलिफोर्नियात हे अनुभवाने कळले. १९७० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दीर्घ सार्वजनिक वापरावरून किनाऱ्यावरच्या खासगी जमिनींवर लोकांचा हक्क मानला, तेव्हा इतके दिवस लोकांना सहज येऊ देणारे मालक घाबरले. उदारपणाची शिक्षा मिळते असे वाटून कुंपणे घालण्याकडे त्यांचा कल झाला. विधिमंडळाने पुढच्याच वर्षी कायदा करून केवळ वापरातून असा हक्क निर्माण होण्याला बरीच मर्यादा घातली. मालकाच्या परवानगीने आणि त्याच्या नियंत्रणाखाली जाण्याची मुभा आहे, असा फलक लावण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे आणि आजही असे फलक दिसतात. तुम्हीही असा फलक लावू शकता. मात्र ज्या मच्छीमार कुटुंबांचा जुना हक्क कदाचित आधीच सिद्ध होण्याजोगा आहे, तो फलक लावून पुसता येणार नाही, आणि पुसण्याच्या हेतूने लावूही नये.

सारे झुकते माप मी लोकांच्याच पदरात टाकते आहे, असे तुमच्या भावाला वाटू शकेल. तसे नाही. सार्वजनिक हिताच्या नावाखाली एका कुटुंबाच्या जमिनीवर फुकट बोजा टाकणे हाही अन्यायच आहे, आणि न्यायालयांनी तो अन्याय म्हणून ओळखला आहे. कॅलिफोर्नियातील एका कुटुंबाला समुद्रकाठचे घर नव्याने बांधायचे होते. तेथील किनारा आयोगाने परवानगीच्या बदल्यात त्यांच्या वाळूवरून लोकांना जाऊ देण्याची अट घातली. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. लोकांसाठी वाट हवी असेल तर सरकारने तिची किंमत मोजावी, असा त्या निकालाचा आशय होता. मला तो पटतो. स्कॉटलंडच्या २००३च्या कायद्याने जमिनींवरून फिरण्याचा अतिशय व्यापक हक्क लोकांना दिला, पण घराभोवतीची, राहणाऱ्यांच्या खासगीपणासाठी पुरेशी जागा त्यातून वगळली. स्वीडनमध्ये निसर्गात मुक्तपणे हिंडण्याचा हक्क सर्वांना आहे. ‘त्रास देऊ नका, नासधूस करू नका’ हे त्याचे सूत्र आहे आणि घरालगतच्या परिसरात तो हक्क चालत नाही. तेव्हा तुमच्या अंगणात, ओसरीवर किंवा विहिरीपाशी कोणी यावे, असे कोणताही शहाणा कायदा म्हणत नाही. गाड्या उभ्या करण्याचा, तंबू ठोकण्याचा, रात्री गाणी लावण्याचा हक्क पायवाटेच्या हक्कात येत नाही. तुमचा बहुतेक त्रास या दुसऱ्या प्रकारातला आहे.

आणि म्हणूनच मला भावाच्या योजनेतली सर्वांत मोठी चूक ही वाटते की ती दोन वेगळ्या समूहांना एकच समजते. पहाटे होडीकडे जाणारा मच्छीमार आणि मध्यरात्री बाटली फेकणारा पाहुणा एकाच वाटेने येतात, एवढेच त्यांच्यातले साम्य आहे. पहिल्याचा पोटापाण्याचा संबंध त्या वाळूशी आहे. दुसऱ्याला तिथे येण्याचा आनंद नाकारू नये, पण त्याच्यासाठी वेळेचे आणि वागण्याचे नियम घालण्यात काहीही गैर नाही. कुलूप लावले तर पाहुणा दुसऱ्या किनाऱ्यावर जाईल. मच्छीमार कुठे जाणार?

भिंतीबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिचे परिणाम कायद्यापुरते राहत नाहीत. किनाऱ्याची वाळू स्थिर नसते. वादळी महिन्यांत लाटा ती ओढून नेतात आणि शांत महिन्यांत बरीचशी परत आणून टाकतात. या देवघेवीसाठी किनाऱ्याला मागे सरकायला जागा लागते. पक्की भिंत ती जागा हिरावते, तिच्यावर आपटून परतणाऱ्या लाटा पायथ्याची वाळू उकरतात, आणि मूळचा किनारा झिजत असेल तर भिंतीपुढची पुळण अरुंद होत होत नाहीशी होते. भिंतीच्या दोन्ही टोकांना शेजाऱ्यांच्या जमिनीची धूपही अनेकदा वाढते. वाळूच्या टेकाडांवर वाढणाऱ्या वेली आणि गवत हेच घराचे पहिले संरक्षण असते, आणि भिंतीच्या पायासाठी खणताना तेच आधी उखडले जाते. ज्या पुळणीमुळे जमिनीला भाव येईल असे मध्यस्थ सांगतो, तीच भिंतीमुळे गेली तर भाऊ काय विकणार? एकदा तज्ज्ञाकडून किनाऱ्याची पाहणी करून घ्या, एवढी विनंती मी तुमच्या भावालाही करते.

कुलपाने वाद मिटतो, हा समजही तपासून पाहावा. कॅलिफोर्नियातील मार्टिन्स बीच येथील जमीन एका धनाढ्य उद्योजकाने २००८ साली घेतली. आधीचे मालक गाडी उभी करण्याचे शुल्क घेऊन लोकांना आत सोडत असत. नव्या मालकाने फाटक बंद केले. अपील न्यायालयाने २०१७ साली ठरवले की समुद्राकडे जाण्याच्या सोयीत असा बदल करायला किनारा कायद्याखाली परवाना लागतो, आणि २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. वाद तिथेही संपला नाही. त्यानंतर सरकारी यंत्रणांनी स्वतंत्र दावा लावला. ज्याच्याकडे वकिलांवर खर्च करायला अमाप पैसा आहे, त्याचीही ही कथा आहे. गोव्यातील वाइंगिणी किनाऱ्याच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली हॉटेलला लोकांची वाट खुली ठेवायला लावली आणि वाटेत आलेले बांधकाम काढून टाकण्याचा आदेश दिला. ओरेगॉन राज्यातील कॅनन बीच येथे तर एका निवासी हॉटेलाने १९६६ साली आपल्या पाहुण्यांसाठी वाळूचा एक तुकडा अडवला, आणि त्यातून उठलेल्या असंतोषामुळे १९६७ साली राज्यभरच्या कोरड्या वाळूवर लोकांचा हक्क सांगणारा कायदाच झाला. दोन वर्षांनी न्यायालयाने प्राचीन रूढीच्या आधारे तो हक्क उचलून धरला. एका अडवणुकीची किंमत तिथे किनाऱ्यावरच्या प्रत्येक मालकाने मोजली.

मग करायचे काय? सर्व काही जसे आहे तसे सोडून देणे, हा सल्ला मी देणार नाही. त्रास वाढत जाईल, भावाचा राग वाढत जाईल आणि एखाद्या रात्री प्रकरण हातघाईवर येईल. माझ्या मते तुमच्यासाठी मधला मार्ग आहे, आणि तो तुम्ही गावकऱ्यांच्या आधी पुढे होऊन मांडावा. सध्याची वाट घराच्या फार जवळून जात असेल, तर ती हद्दीच्या अगदी कडेला सरकवण्याचा प्रस्ताव ठेवा; जुनी वाट बंद करण्यापूर्वी नवी तयार करून द्या आणि ती वापरणाऱ्यांची लेखी संमती घ्या, कारण जुन्या वहिवाटीची वाट मालकाला एकतर्फी हलवता येईलच, असे नाही. रुंदी एवढी ठेवा की दोघांना जाळे खांद्यावर घेऊन जाता यावे, पण गाडी आत येऊ नये. त्यासाठी तोंडाशी दोन दगडी खांब पुरतात. वाटेच्या घराकडील बाजूला झाडांचे दाट कुंपण लावा. नजर आणि आवाज यांपासून ते बराच आडोसा देते आणि वारा त्याला पाडत नाही. मच्छीमारांना वाट दिवसरात्र खुली असावी, कारण त्यांच्या कामाच्या वेळा भरती-ओहोटी ठरवते; बाहेरच्या पाहुण्यांसाठी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतची वेळ ठरवता येईल. टेकाडावरून उतरणारी वाट एकच ठेवा आणि तिथे लाकडी फळ्या टाका, म्हणजे वेली तुडवल्या जाणार नाहीत.

कचरा, स्वच्छतागृह, वाहनतळ आणि रात्रीची गस्त हा भार तुमचा नाही. किनारा सर्वांचा असेल, तर तो सांभाळण्याचा खर्चही सर्वांच्या वतीने स्थानिक प्रशासनाने उचलला पाहिजे, आणि हे तुम्ही ठामपणे मागावे. लेखी अर्ज द्या, त्यात वाट खुली ठेवण्याची तुमची तयारी नमूद करा आणि तिच्या बदल्यात देखभालीची, पायऱ्या दुरुस्त करण्याची आणि अपघाताच्या दायित्वाची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी, अशी मागणी करा. काही ठिकाणी कायदाच मालकाला हा दिलासा देतो: इंग्लंडमध्ये २००९च्या कायद्याने किनाऱ्यालगत फिरण्याचा मार्ग आखताना जमीनमालकांचे दायित्व बरेच कमी केले. तुमच्याकडे तशी तरतूद आहे का, हे वकिलाला विचारा; नसेल तर विमा उतरवता येतो का, ते पाहा. घसरून पडलेल्या गृहस्थांच्या मागणीला मात्र स्वतः उत्तर देऊ नका. ते उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या, आणि तोवर पायऱ्यांची डागडुजी करून घ्या. डागडुजी म्हणजे चुकीची कबुली, या भीतीने मोडक्या पायऱ्या तशाच ठेवल्या तर उद्या दुसरे कोणी पडेल.

जे ठरेल ते कागदावर उतरवा आणि शक्य असेल तिथे त्याची नोंदणी करा. शब्दावर चाललेली व्यवस्था तुमच्या वडिलांच्या पिढीत टिकली, कारण दोन्ही बाजूची माणसे एकमेकांना ओळखत होती. पुढच्या पिढीत जमीन विकली गेली तर घेणाऱ्याला ही ओळख नसेल. त्यामुळेच ‘खासगी किनारा’ म्हणून जाहिरात करण्याच्या मोहापासून भावाला दूर ठेवा. वाटेवर लोकांचा हक्क असल्याचे किंवा तसा दावा असल्याचे माहीत असूनही ते लपवून जमीन विकली, तर फसवणुकीचा ठपका विकणाऱ्यावर येतो. स्पष्ट, मर्यादित आणि लिहिलेली वाट असलेली जमीन सावध खरीदाराला वादग्रस्त जमिनीपेक्षा अधिक पसंत पडेल, असे मला वाटते.

भावाशी बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नका. तो वाईट माणूस आहे, असे तुमच्या पत्रातून कुठेही दिसत नाही. रात्री उठून हाकलायला बाहेर जाणारा तोच आहे आणि भरपाईची धमकीही त्यालाच ऐकावी लागली. त्याचा त्रास आधी पूर्ण ऐकून घ्या, तो लिहून काढा, आणि मग एकेका तक्रारीपुढे विचारा की भिंतीने ही मिटेल का, की दुसऱ्या कशाने. फाटकासमोरच्या गाड्या भिंतीने हटणार नाहीत. रात्रीचा गोंगाट पुळणीवरून येतो आणि तो भिंतीवरूनही ऐकू येईल. या यादीत भिंतीच्या नावापुढे फारच थोडे उरेल, असा माझा अंदाज आहे.

अशाच वादाच्या दुसऱ्या बाजूला असलेले, म्हणजे वाट वापरणारे वाचकही हे सदर वाचतात. त्यांना एवढेच सांगते की हक्क असेल तर तो पुराव्याने मांडा: जुनी छायाचित्रे, जुने नकाशे, वयस्क माणसांचे लेखी जबाब, होड्यांच्या नोंदी. कुलूप तोडू नका. वहिवाट शांततेची असावी लागते, आणि एका रागाच्या रात्रीमुळे ती तशी नव्हती असे म्हणायला समोरच्याला वाव मिळतो. वाट बंद झाली तर वेळ न दवडता आक्षेप नोंदवा, कारण अडथळा निमूटपणे सोसला तर काही कायद्यांत हक्कच कमकुवत होतो. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनी घाण केली तर ती मालकाची अडचण आहे, असे म्हणून गप्प बसू नका. वाट जितकी स्वच्छ, तितका ती बंद करण्याचा आधार कमी.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. घराची शांतता मागणे स्वार्थ नाही. पण जी वाट तुमच्याआधीपासून इतरांच्याही कामाची आहे, ती त्यांना न विचारता बंद करणे अन्यायाचे होईल, आणि तुमच्या पत्राचा सूर पाहता तो अन्याय आपल्या हातून घडावा असे तुम्हालाही वाटत नाही. भिंतीचे काम थांबवून ठेवायला भावाला राजी करा, निदान अधिकृत भरतीरेषा आणि बांधकामाचे नियम हाती येईपर्यंत. त्यानंतर सर्वांत आधी त्या वृद्ध शेजाऱ्यांकडे दोघे मिळून जा. वाट पूर्वी नेमकी कुठून जात होती, कोणकोण वापरत असे, वाळू तेव्हा कुठवर होती, हे त्यांना विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घ्या, ते तुमच्या बाजूचे असो वा नसो. प्रस्तावित वाटेचा कच्चा आराखडा त्यांच्यापुढे ठेवा आणि मच्छीमार कुटुंबांपैकी आणखी कोणाकोणाला बैठकीला बोलवावे, हे त्यांनाच ठरवू द्या.